हवेची किंमत कोण मोजतो?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या विषयाचे नाव थोडे बोजड आहे. ‘उष्णता-पुनर्प्राप्ती वायुवीजन आणि त्याचा खर्च’ असे ते आहे. धाराशिवसारख्या जिल्ह्यात, जिथे मे महिन्यात पारा चाळिशीला टेकतो आणि ज्याचा समावेश नीती आयोगाने २०१८ साली देशातील मागास अशा ‘आकांक्षित’ जिल्ह्यांत केला, तिथे युरोपातल्या घरांत बसवल्या जाणाऱ्या यंत्राची चर्चा कशाला, असा प्रश्न आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात आला असेल. प्रश्न रास्त आहे. पण कोणत्याही यंत्राची किंमत विचारताना अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने आणखी दोन प्रश्न विचारायचे असतात: ही किंमत कोण देतो, आणि ती दिली नाही तर नुकसान कोणाच्या पदरी पडते? हे दोन प्रश्न धरून बसले की हा विषय स्टॉकहोमहून निघून थेट भूम-परांड्याच्या खवा भट्टीवर आणि आपल्या आयाबहिणींच्या चुलीपाशी येतो.

यंत्राचे काम काय?

बंद खोलीत माणसे बसली की हवा शिळी होते. श्वासातून कर्बवायू आणि बाष्प बाहेर पडते, रोगजंतू साठतात. म्हणून आतली हवा बाहेर घालवून बाहेरची ताजी हवा आत घेणे आवश्यक असते. थंड देशांत अडचण अशी की आतली हवा तापवलेली असते. ती बाहेर टाकली की तिच्यासोबत पैसे देऊन विकत घेतलेली ऊबही जाते. १९७३ च्या तेलसंकटानंतर स्वीडनसारख्या देशांत घरे अधिकाधिक हवाबंद होऊ लागली आणि हा प्रश्न तीव्र झाला. तोडगा असा निघाला की बाहेर जाणारी उबदार हवा आणि आत येणारी थंड हवा पातळ पत्र्यांच्या दोन बाजूंनी एकमेकींजवळून न्यायची. हवा मिसळत नाही, पण ऊब एकीकडून दुसरीकडे जाते. जर्मनीतील डार्मस्टाट शहरात १९९१ च्या सुमारास बांधलेल्या, अत्यल्प ऊर्जेवर चालणाऱ्या घरांत या यंत्राला मध्यवर्ती स्थान मिळाले आणि तिथून त्याचा बोलबाला झाला.

आता हिशेब करू. एक घनमीटर हवेचे तापमान एका अंशाने बदलायला साधारण ०.३३ वॉट-तास इतकी उष्णता लागते. चार माणसांच्या कुटुंबाला तासाला १०० घनमीटर ताजी हवा हवी असे धरा. स्टॉकहोममध्ये हिवाळ्याच्या सहा महिन्यांत आतल्या-बाहेरच्या हवेत सरासरी २० अंशांचा फरक असतो. म्हणजे सतत ६६० वॉट उष्णता नुसती हवेवाटे वाया जाते. १८० दिवसांत ती सुमारे २,८५० युनिट होते. यंत्राने तीन चतुर्थांश उष्णता परत मिळवली आणि त्याच्या पंख्यांचा खर्च वजा केला, तरी वर्षाला १,९०० युनिटांहून अधिक बचत होते. तिथल्या गृहस्थाने हे यंत्र घेतले तर तो शहाणपणा आहे, चैन नाही.

हेच यंत्र धाराशिव शहरातील एखाद्या वातानुकूलित खोलीत लावा. इथे प्रश्न उलटा आहे: आतली हवा थंड, बाहेरची तापलेली. बाहेर ४० अंश, आत २६, फरक १४ अंशांचा. रात्री तो याहून कमीच असतो, पण यंत्राच्या बाजूने उदार राहू. १०० घनमीटरांमागे ४६२ वॉट उष्णता आत येते. त्यातली ७० टक्के यंत्राने अडवली तर ३२३ वॉट. पण वातानुकूलन यंत्र एका युनिट विजेत सुमारे तीन युनिट उष्णता उपसते. म्हणून विजेची प्रत्यक्ष बचत १०८ वॉट. त्यातून यंत्राच्या पंख्यांचे ४५ वॉट वजा करा, उरले ६३. दिवसाला आठ तास, उन्हाळ्याचे ९० दिवस, म्हणजे वर्षाला ४५ युनिट. युनिटला १० रुपये धरले तर ४५० रुपये. समजा, यंत्र बसवायला ४० हजार रुपये लागले. नऊ टक्क्यांनी त्याचे नुसते व्याजच वर्षाला ३,६०० रुपये होते, म्हणजे बचतीच्या आठपट. जाळ्या बदलणे आणि दुरुस्ती यांचा खर्च मी अजून धरलेलाच नाही.

आणि ज्या घरात वातानुकूलन नाही त्या घरात? तिथे परत मिळवण्यासारखे काही नाहीच. आत आणि बाहेर एकच हवा आहे. आपल्या जिल्ह्यातील बहुसंख्य घरे याच वर्गातली आहेत. एवढ्यावर विषय संपला असे कोणी म्हणेल. माझ्या मते खरा विषय इथून सुरू होतो.

जो खर्च टाळला तो कुठे गेला?

यंत्र परवडत नाही असे आपण सिद्ध केले. ताजी हवा लागत नाही असे काही सिद्ध झालेले नाही. तालुक्याच्या गावी निघालेल्या अभ्यासिका आणि शिकवणी वर्ग पाहा. पत्र्याच्या किंवा सिमेंटच्या छताखाली पन्नास मुले दाटीने बसलेली, खिडक्या कायमच्या बंद, भिंतीवर वातानुकूलन यंत्र. पुष्कळांचा समज असा की ते यंत्र बाहेरची हवा आत आणते. ते तसे काही करत नाही. भिंतीवरचे नेहमीचे यंत्र खोलीतली तीच हवा पुन्हा पुन्हा गार करत राहते. पन्नास मुलांना माणशी ३० घनमीटर म्हणजे तासाला १,५०० घनमीटर ताजी हवा हवी. ती घ्यायची तर मघाच्या हिशेबाने जवळपास सात किलोवॉट जादा उष्णता उपसावी लागेल. अशा ठिकाणी उष्णता परत मिळवणारे यंत्र चालेल. काही वर्षांत त्याचे पैसेही फिटतील. मग ते का बसत नाही?

कारण मालकापुढे दोन पर्याय नसून तीन आहेत. पहिला, ताजी हवा घेऊन विजेचे जादा बिल भरणे. दुसरा, यंत्र बसवून ते बिल कमी करणे. तिसरा, ताजी हवा घेणेच बंद करणे. तिसऱ्याला एक पैसाही लागत नाही. त्याची किंमत मुलांच्या जडावलेल्या डोक्यातून, साथीच्या खोकल्यातून आणि क्षयाच्या संसर्गातून वसूल होते. पण ती मालकाच्या वहीत कुठेच लिहिलेली नसते. अर्थशास्त्रात याला बाह्य खर्च म्हणतात. साध्या मराठीत सांगायचे तर एकाने टाळलेला खर्च दुसऱ्याच्या फुप्फुसात जमा होतो. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांनी हा धडा सगळ्या जगाला दिला. कोरोनाचा विषाणू हवेतून पसरतो हे मान्य व्हायला वेळ लागला, आणि त्या वेळाची किंमत कोंदट खोल्यांत काम करणाऱ्यांनी मोजली.

इतिहासात याला जुनी उदाहरणे आहेत. इंग्लंडमध्ये १६९६ पासून १८५१ पर्यंत खिडक्यांवर कर होता. खिडक्या जितक्या जास्त तितका कर अधिक. परिणाम असा झाला की भाड्याच्या चाळींच्या मालकांनी खिडक्या विटांनी बुजवल्या. कर वाचला मालकाचा, उजेड आणि वारा गेला भाडेकरूंचा. एंगल्सने १८४५ साली इंग्लंडमधील कामगारवर्गाच्या स्थितीवर जे पुस्तक लिहिले, त्यात मँचेस्टरच्या कोंदट वस्त्यांचे वर्णन ओळीने येते ते काही शोभेसाठी नाही. कोणाच्या वाट्याला किती हवा यावी, हा वर्गाचा प्रश्न आहे हे त्याने ओळखले होते.

माळवद, भूकंप आणि अडीचशे चौरस फूट

आपल्याकडची जुनी घरे पाहा. जाड दगडी भिंती, लाकडी खण, त्यावर पांढऱ्या मातीचे माळवद. बाहेर ऊन कितीही तापो, आत गारवा असे. माळवदाला साणे असे. चुलीचा धूर वर चढून त्यातून निघून जाई, आणि त्याच वाटेने घरात उजेड उतरे. ही रचना कोणी अभियंत्याने आखलेली नव्हती. पिढ्यांच्या अनुभवातून ती आली होती. मात्र या घरांचे गोडवे गाणाऱ्यांनी ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट विसरू नये. पहाटे चारच्या सुमारास झालेल्या भूकंपात लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील हजारो माणसे गेली. सरकारी आकडाच सात हजार नऊशेच्या वर आहे. मातीच्या गिलाव्यातल्या त्याच दगडी भिंती आणि तेच जड माळवद झोपलेल्या माणसांवर कोसळले. उमरगा-लोहाऱ्याच्या पट्ट्यातील लोकांना दगडी भिंतीचे भय वाटू लागले, यात नवल नाही.

जागतिक बँकेच्या कर्जातून पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम झाला. बावन्न गावे संपूर्णपणे नव्या जागी उभी राहिली. घरे मजबूत झाली, हे श्रेय त्या कार्यक्रमाला दिलेच पाहिजे. परंतु त्या घरांचा आकार कशावर ठरला? जमिनीवर. भूमिहीन आणि अगदी लहान शेतकऱ्याला २५० चौरस फूट; मोठ्या जमीनदाराला ७५० चौरस फूट; मधल्यांना मधले. भूकंपाने सगळ्यांना एका रात्रीत उघड्यावर आणून समान केले होते, पुनर्वसनाने त्यांना पुन्हा सात-बाराच्या उताऱ्याप्रमाणे लावून घेतले. ज्याच्याकडे जमीन नव्हती त्याच्या मुलांना श्वास घ्यायलाही कमी जागा, असा तो न्याय होता. अडीचशे चौरस फुटांत माणसे, धान्य आणि चूल एकत्र मावेना, तेव्हा लोकांनी बाजूला पत्र्याच्या खोल्या काढल्या. पत्रा दुपारी तापतो, सिमेंटचे उघडे छत रात्री उशिरापर्यंत उष्णता ओकत राहते, आणि साणे तर नव्या घरातून कायमचेच गेले.

राष्ट्रीय बांधकाम संहिता सांगते की उष्ण व कोरड्या हवामानात खिडक्यांचे क्षेत्र खोलीच्या जमिनीच्या निदान एक दशांश असावे. २५० चौरस फुटांना २५ चौरस फूट. आपण कधी आपल्या गावातल्या घरकुलांच्या खिडक्या मोजल्या आहेत काय? केंद्राच्या ग्रामीण घरकुल योजनेने २०१६ पासून सपाट प्रदेशात एका घराला १ लाख २० हजार रुपये धरले. राज्य शासनाने २०२५ साली त्यात ५० हजारांची भर घातली, त्यातले १५ हजार छतावरच्या सौरयंत्रणेसाठी. सिमेंट, सळई आणि गवंड्याची मजुरी यांत पैसे संपत आले की पहिली काट खिडकीवर बसते. दोन खिडक्यांची एक होते, एकीची जाळीची वीट होते. मघाशी आपण ज्या यंत्राचा हिशेब केला, त्याची आपण धरलेली किंमत या मूळ घरकुलाच्या एक तृतीयांश आहे. त्या रकमेच्या लहानशा भागात समोरासमोर दोन खिडक्या, छताखालचे झरोके, स्वयंपाकाच्या कोपऱ्यावर धुराडे आणि छताला पांढरा चुना एवढे सारे होऊ शकते. हवा येण्या-जाण्याची वाट मोफत नसते हे खरे. पण बांधतानाच ठेवली तर ती सर्वांत स्वस्त असते, आणि नंतर भिंत फोडून काढली तर महाग पडते.

सत्तर वर्षांपूर्वीचे ‘पुनर्प्राप्ती यंत्र’

आता मी या व्याख्यानाच्या गाभ्याकडे येतो. बाहेर जाणाऱ्या गरम हवेतून जाता जाता उष्णता काढून घेणे आणि घरातली हवा स्वच्छ ठेवणे, ही कल्पना परदेशातून आली असे समजण्याचे कारण नाही. आपला जिल्हा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. त्याच हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेतील डॉ. एस. पी. राजू यांनी १९५३ साली बिनधुराच्या चुलीची पुस्तिका प्रसिद्ध केली. त्या चुलीत जाळ एका भांड्याखाली. त्याचे गरम वायू मातीच्या बंद वाटेने पुढच्या भांड्यांखालून जात, त्यांना तापवत आणि मग धुराड्यातून छपराबाहेर पडत. पहिल्या भांड्यात भाकरी-कालवण, शेवटच्यात अंघोळीचे पाणी. वायुवीजन आणि उष्णतेची वसुली ही दोन्ही कामे एका मातीच्या ठोकळ्यात झाली होती. वर्ध्याच्या मगनवाडीतही गांधीवादी कार्यकर्त्यांनी याच दिशेने मगनचूल घडवली.

मग ही चूल घरोघर का टिकली नाही? १९८० च्या दशकाच्या मध्यापासून २००२ पर्यंत केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम चालवला आणि सुमारे साडेतीन कोटी चुली वाटल्याचे सांगितले. परंतु कार्यक्रमाचे माप वाटलेल्या चुलींची संख्या हे होते, चालू राहिलेल्या चुलींची नव्हे. मातीची चूल दोन वर्षांत तडकते, धुराड्यात काजळी धरते. ती काढायला, डागडुजीला कोणी नेमलेला नव्हता. पहिला खर्च सरकारने उचलला, पुढचा बाईवर सोपवला. बाईकडे रोख पैसा नव्हता आणि घरातल्या खर्चाचा निर्णयही तिच्या हाती नव्हता.

यानंतर बाजाराने प्रयत्न केला. २००६ च्या सुमारास एका बड्या परदेशी तेल कंपनीने बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या साहाय्याने ‘ऊर्जा’ नावाची, पंखा असलेली कमी धुराची शेगडी आणली. भूकंपानंतर आपल्या भागात उभ्या राहिलेल्या महिला बचत गटांच्या जाळ्यातून ती विकली गेली. शेगडी चांगली होती. पण तिला शेतातल्या टाकाऊ मालापासून बनवलेल्या गोळ्यांचेच सरपण लागे. त्या कच्च्या मालाला, विशेषतः उसाच्या चिपाडाला, दुसरी गिऱ्हाइके मिळाली, भाव चढले, गोळ्या महागल्या, आणि शेगड्या कोपऱ्यात जाऊन पडल्या. बाजाराचा नियम साधा आहे: चिपाडाला जो जास्त पैसे देईल त्याच्याकडे ते जाणार, आणि स्वयंपाकघर कधीच सर्वाधिक पैसे देणारे गिऱ्हाईक नसते.

मे २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली. जोडणी फुकट मिळाली, हे पाऊल मोठे होते. त्याला नाके मुरडणे आपल्याला शोभणार नाही. पण २०२२-२३ साली उज्ज्वलाच्या लाभार्थी कुटुंबाने वर्षाला सरासरी चारही टाक्या भरून घेतल्या नाहीत, आकडा ३.७१ आहे. महिन्याला एक टाकी धरली तर वर्षाच्या आठ महिन्यांचा स्वयंपाक तुराट्या, पळाट्या आणि गोवऱ्यांवरच झाला. राज्याने २०२४ पासून पात्र कुटुंबांना वर्षाला तीन टाक्या मोफत देण्याची योजना केली, तिचा उपयोग आहेच. परंतु उसतोडीला पाच-सहा महिने परजिल्ह्यात गेलेल्या कुटुंबाची टाकी गावात कुलूपबंद असते आणि चूल कोपीच्या दारात पेटते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली सूक्ष्म धूलिकणांची २४ तासांची मर्यादा घनमीटरला १५ मायक्रोग्रॅम ठरवली. आपल्या देशाचे मानक ६० आहे आणि तेही बाहेरच्या हवेचे. चुलीपाशी बसलेल्या बाईसाठी ना मानक, ना मोजमाप.

या चारही प्रयत्नांचा धडा एकच आहे. साधनाची किंमत आणि साधन चालवण्याची किंमत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली समारंभात दिली जाते, दुसरी दररोज द्यावी लागते. युरोपातल्या यंत्रालाही हाच नियम लागू आहे. जाळ्या वेळेवर बदलल्या नाहीत तर तेच यंत्र घाण हवा फिरवू लागते. म्हणून कोणतीही योजना मांडणाऱ्याला आपण पहिला प्रश्न विचारावा: दहाव्या वर्षी याचा खर्च कोण देणार?

खवा भट्टीचा हिशेब

आता उद्योगाकडे वळू. भूम, परांडा, वाशी, कळंब या भागांत दुधाचा खवा करण्याचा मोठा व्यवसाय आहे. कुंथलगिरीच्या खव्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकन मालाला मिळाले, भट्टीवर उभ्या असणाऱ्या माणसाला नाही. कढईसमोर तासन्‌तास उभे राहून दूध हलवणाऱ्याच्या एका बाजूला वाफ आणि दुसऱ्या बाजूला धूर असतो.

एक किलो खव्याला साधारण पाच लिटर दूध धरा. त्यातून चार लिटर पाणी उडवायचे, म्हणजे सुमारे नऊ मेगाज्यूल उष्णता. आणि त्याआधी दूध उकळीला आणायला आणखी दीड मेगाज्यूल. एकूण साडेदहा. एक किलो वाळलेल्या लाकडात सुमारे पंधरा मेगाज्यूल असतात. म्हणजे सारी उष्णता कामी आली तर पाऊण किलोहून कमी लाकडात काम व्हावे. पण उघड्या भट्टीने १५ टक्केच उष्णता कढईला दिली तर साडेचार किलोंहून अधिक जळते. बाकीची उष्णता धुराबरोबर छपराखाली फिरते आणि कामगाराच्या अंगावर येते.

या भट्टीला बंद धुरवाट आणि उंच धुराडे बांधा, आणि त्या वाटेवर दुसरे भांडे बसवून पुढच्या घाण्याचे दूध तापवून घ्या. दूध उकळीला आणण्याचा वाटा एकूण उष्णतेच्या सातव्या हिश्शाइतका आहे. तो पूर्णपणे धुरातून मिळाला तर सातातले एक लाकूड वाचले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे धूर छपराबाहेर गेला. हेच आपल्या जिल्ह्याचे उष्णता-पुनर्प्राप्ती वायुवीजन! त्याला लागतात विटा, माती, लोखंडी पत्रा आणि जाणकार गवंडी. लाकडाच्या बचतीतून त्याचे पैसे फिटतील, हे प्रत्येक भट्टीवाल्याला त्याच्याच सरपणाच्या वहीवरून दाखवता येईल.

कोणी म्हणेल की इतके सोपे असते तर झालेच असते. याचे उत्तर साखर कारखान्यात मिळते. तिथल्या बाष्पकाच्या धुराड्यात जाण्याआधी गरम धुरातून पाणी आणि हवा तापवून घेणारी उपकरणे कित्येक दशकांपासून बसवली जातात. ढोकीच्या तेरणा कारखान्याच्या पिढीपासून आपल्या भागातील कामगारांना ही यंत्रसामग्री परिचित आहे. कारखान्याकडे भांडवल आहे, अभियंता आहे, बँक आहे. आणि वाचलेल्या चिपाडातून वीज करून विकता येते. भट्टीवाल्याकडे यातले काहीच नाही. तो दुधाच्या दररोजच्या उलाढालीवर जगतो, आणि त्याच्याकडे राबणारा मजूर तर त्याहून खाली. ज्ञान दोघांसाठी एकच आहे. ते वापरण्याची ऐपत मात्र भांडवलाप्रमाणे वाटली गेली आहे.

कायद्याचे काय? १९४८ च्या कारखाने कायद्याच्या तेराव्या कलमात पुरेशा वायुवीजनाची आणि चौदाव्यात धूळ-धूर हटवण्याची सक्ती होती. मूळ कायदा विजेवर चालणाऱ्या ठिकाणी दहा कामगारांना आणि विजेविना वीस कामगारांना लागू होई. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आलेल्या नव्या संहितेने त्या जागी वीस आणि चाळीस हे आकडे घातले. चार माणसांची भट्टी तेव्हाही कायद्याबाहेर होती, आताही आहे. पण तिच्या सोबतीला आता बरीच मोठी ठिकाणेही ‘कारखाना’ या व्याख्येबाहेर ढकलली गेली. फुप्फुसे माणसागणिक असतात आणि संरक्षण मात्र डोकी मोजून मिळते, ही विसंगती आपण लोकांपुढे ठेवली पाहिजे.

यंत्राला विरोध नाही

यावरून मी यंत्राच्या विरोधात आहे असा समज होऊ नये. यंत्र कुठे लावायचे याचे तारतम्य हवे, एवढेच माझे म्हणणे. पेरूची राजधानी लिमा येथील रुग्णालयांच्या पाहणीचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. उंच छत आणि मोठ्या खिडक्या असलेल्या जुन्या दवाखान्यांत, खिडक्या उघड्या ठेवल्या की, तासाला सुमारे ४० वेळा हवा बदलत होती. यंत्राने वायुवीजन करण्याचे प्रमाण बारा वेळांचे. क्षयाच्या वॉर्डात उंच खिडकी ही औषधाइतकीच मोलाची ठरते. मात्र शस्त्रक्रियागृह, अतिदक्षता विभाग, जिल्हा रुग्णालयातील बंद वातानुकूलित कक्ष या ठिकाणी यंत्राने ताजी हवा आणलीच पाहिजे, आणि तिथे उष्णता परत मिळवणारे यंत्र सार्वजनिक पैशातून बसवणे हे काटकसरीचेच आहे. गर्दीच्या खाजगी वर्गांवर ताज्या हवेची सक्ती करा. मग खिडकी उघडायची की यंत्र घ्यायचे, हा हिशेब मालक आपणहून करील.

नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीच्या बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल आहे. सत्ताधीशाला भर उन्हाळ्यात गारवा आणि वारा मिळावा म्हणून त्या काळच्या कारागिरांनी आपली सारी बुद्धी तिथे ओतली. कारागिरांची बुद्धी मोठी होती, यात शंका नाही. तिचा उपभोग मात्र मोजक्यांनी घेतला. आज भरपूर पैसे देणाऱ्याला गाळलेली, गार केलेली, हवी तितकी हवा मिळते. प्रश्न आजही तोच आहे.

पुढचे काम

तेव्हा इथून परत गेल्यावर कार्यकर्त्यांनी चार कामे हाती घ्यावीत. एक, आपल्या गावातील घरकुलांच्या खिडक्या मोजाव्यात आणि एक दशांशाचा हिशेब ग्रामसभेत वाचून दाखवावा. पुढचा हप्ता देताना अधिकाऱ्याने सळईबरोबर खिडकी आणि धुराडेही तपासावे, असा ठराव करून घ्यावा. दोन, गॅसजोडण्यांऐवजी वर्षभरात भरलेल्या टाक्यांची नोंद घरोघर घ्यावी. उसतोड कुटुंबांना कामाच्या ठिकाणी टाकी मिळण्याची मागणी या नोंदींच्या आधाराने करावी. तीन, दूध संघ आणि जिल्हा नियोजन समिती यांच्याकडे खवा भट्ट्यांच्या धुराड्यांसाठी अनुदान आणि दुरुस्तीला गवंडी मागावा. अनुदान चालू भट्टी पाहून द्यावे, बांधलेली पाहून नव्हे. चार, सार्वजनिक दवाखाने, वसतिगृहे आणि अभ्यासिका यांत ताज्या हवेचे किमान प्रमाण ठरवून ते दारावर लिहिण्याचा आग्रह धरावा.

हे काम गाजावाजाचे नाही. खिडक्या मोजणाऱ्याचे छायाचित्र वर्तमानपत्रात येत नाही. पण पाण्यासाठी आपण एक गाव एक पाणवठा म्हटले, तेव्हा पाण्याचा हक्क हा माणुसकीचा हक्क आहे हे लोकांना उमगले. हवेला पाणवठा नसतो, म्हणून तिच्यावरचा अन्याय डोळ्यांना दिसत नाही; तो मोजून दाखवावा लागतो. मोजण्याचे हे काम आपण आपल्या गावापासून, आणि शक्य तर आपल्याच स्वयंपाकघरापासून, सुरू करू या.